उसन्या चालीतला आनंद

पाश्चात्त्य अभिजात संगीतातला आनंद म्हटले की बहुतेकांना बीथोवेनची नववी सिंफनी आठवते. मला मात्र संगीतकार हँडलच्या ‘मसाया’ या ऑरेटोरिओतील (ख्रिस्तावरच्या, अभिनयाविना गायल्या जाणाऱ्या दीर्घ संगीतरचनेतील) ‘फॉर अन्टू अस अ चाइल्ड इज बॉर्न’ (‘कारण आमच्यासाठी बालक जन्मले आहे’) हे समूहगीत या बाबतीत अधिक शिकवून गेले.

या गीताची चाल मुळात आनंदाची नव्हतीच. १७४१च्या उन्हाळ्यात हँडलने एक इटालियन द्विगीत रचले होते. ‘नाही, तुमच्यावर मी विश्वास ठेवणार नाही’ असे आंधळ्या प्रेमाला आणि निष्ठुर सौंदर्याला बजावणारे. काही आठवड्यांतच ‘मसाया’ लिहिताना तीच चाल त्याने बालजन्माच्या वार्तेला लावली. म्हणूनच ‘फॉर’ या किरकोळ शब्दावर विनाकारण आघात येतो, कारण तिथे पूर्वी ठसक्यात म्हटलेला ‘नाही’ होता. (छापील संगीत नाटकांत पदाच्या डोक्यावर मूळ गाण्याची ‘चाल’ वाचलेल्यांना या उसनवारीचे नवल वाटू नये.)

मग आनंद चालीत आहे की शब्दांत? माझ्या मते, तो हँडलने नव्याने जे घातले त्यात आहे. ‘बॉर्न’वरची लांबलचक तान ऐकताना आपल्याला आकारातली तान आठवते, पण तोवर आवाज बहुतेक दोन-दोनच्या जोडीने, हलकेच गात असतात. मग ‘वंडरफुल’ या शब्दावर चारही आवाज एकदम उभे राहतात आणि व्हायोलिनांची धावपळ सुरू होते. हा भाग द्विगीतात नाही. तो चार वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी समेवर आल्यासारखे वाटते.

बाखची उसनवारी निराळी आहे. १७३३ साली एका राणीच्या वाढदिवसासाठी त्याने ‘वाजा, नगाऱ्यांनो!’ अशा शब्दांनी सुरू होणारी रचना केली, आणि तिचा आरंभ खरोखरच एकट्या नगाऱ्याने केला. पुढच्याच वर्षी तेच संगीत ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’त आले, शब्द बदलून ‘जल्लोष करा’ असे झाले, नगाऱ्याला हाक मारणारे कोणी उरले नाही, तरी तो पहिल्याच मात्रेला वाजतोच. मला तो शब्दांवाचून अधिकच मोकळा वाटतो.

बीथोवेननेही नवव्या सिंफनीत शिलर या जर्मन कवीची आनंदावरची कविता गायकाच्या तोंडी देण्याआधी तिची धून चेलो आणि डबल बासवर, अगदी दबक्या आवाजात, एकदा शब्दांशिवायच ऐकवली आहे.