प्रश्न १९९३चा, उत्तर पडद्यावर नाहीच

(स्लॅम डंकच्या शेवटाबद्दल सगळं उघड लिहिलंय. पाहायचं बाकी असेल तर इथेच थांबा.)

'द फर्स्ट स्लॅम डंक' पुन्हा पाहिला, शाळेच्या बास्केटबॉल संघावरचा जपानी ॲनिमेशनपट. बास्केटबॉल म्हणून इतकं खरं मी ॲनिमेशनमध्ये दुसरं काही पाहिलेलं नाही. आणि तरीही माझी एक तक्रार आहे, ती काही केल्या जात नाही.

आधी त्याच गोष्टीवरच्या जुन्या टीव्ही मालिकेबद्दल. तोएई स्टुडिओची, १९९३ ते ९६, एकूण १०१ भाग. आज बघायला बसलात तर हसू येईल. खेळाडू पळतोय, पळतोय, मनातल्या मनात भाषण ठोकतोय, आणि बास्केट अजून लांबच. खेळातलं एक मिनिट संपायला अर्धा एपिसोड जातो. वर मूळ मंगातला, म्हणजे जपानी चित्रकथेतला, सर्वात मोठा सामना, राष्ट्रीय विजेत्या सान्नो शाळेविरुद्धचा, मालिकेत आलाच नाही. राष्ट्रीय स्पर्धेला निघता निघता गोष्ट संपवून टाकली.

तो सामना पडद्यावर यायला २०२२चा डिसेंबर उजाडला. लेखन-दिग्दर्शन खुद्द मंगाकार ताकेहिको इनोउए यांचं. खऱ्या खेळाडूंच्या हालचाली टिपून, त्यांवर हाताने रेखाटनाचं काम करून केलेला सिनेमा. सुरुवातीला संघातले पाचही जण पेन्सिलच्या रेषांतून उभे राहत चालत येतात, तिथेच माझा निकाल लागला होता. शेवटच्या क्षणांत आवाज पूर्ण बंद होतो. मालिकेने इथे काय केलं असतं? प्रत्येकाचं एकेक स्वगत!

आवाजाचे कलाकार बदलले म्हणून जपानमध्ये प्रदर्शनाआधी बरीच बोंबाबोंब झाली होती. मला त्याचं काही वाटलं नाही.

इनोउए यांनी नायक बदलला. मालिका साकुरागीची होती, म्हणजे लाल केसांच्या नवशिक्या खेळाडूची; सिनेमा त्याच संघातल्या र्योता मियागीचा आहे. ओकिनावा, समुद्रात जीव गमावलेला मोठा भाऊ, अबोल झालेली आई. सामन्याआधी आईला पत्र लिहायला बसलेला मियागी 'जिवंत राहिलो तो मी, माफ कर' असं काहीतरी लिहितो आणि ते टाकून देतो. मालिकेत हाच पोरगा संघाची मॅनेजर आयाको हिच्या मागे लागलेला बुटका गार्ड होता, बस्स. त्याला एवढं देणं ही सिनेमाची खरी कमाई, यात वाद नाही.

पण त्याची किंमत साकुरागीने मोजली. मालिकेच्या पहिल्याच भागात हारुको, त्याला आवडलेली शाळेतली मुलगी, त्याला विचारते, बास्केटबॉल आवडतो का? तो म्हणतो, प्रचंड! साफ खोटं. पोरगी आवडली म्हणून मारलेली थाप. मग तो कोपऱ्यात एकटाच ड्रिबल करत बसतो, साधा ले-अप, म्हणजे बास्केटजवळून टाकायचा सोपा शॉट, जमत नाही, कर्णधार आकागीकडून रिबाऊंड, म्हणजे हुकलेला चेंडू पकडणं, शिकतो, सामन्यामागून सामन्यात पाच फाऊल करून बाहेर जातो. सान्नोच्या सामन्यात पाठ दुखावलेली असताना मंगामध्ये तो हारुकोचे खांदे धरून सांगतो की बास्केटबॉल खूप आवडतो, आणि या वेळी खोटं नाही. अख्ख्या गोष्टीची गाठ इथे सुटते.

सिनेमात हे नाही. कापलं. साकुरागीचं 'माझा सोनेरी काळ आत्ता आहे' हे ठेवलंय, पण हे गेलं.

मला कारण कळतं. हारुकोचा तो प्रश्न हा सिनेमाचा विषयच नाही, मग उत्तर कुठून आणणार? मियागीच्या घरातलं दुःख आणि साकुरागीची कबुली, दोन तासांत दोन्ही बसवायला गेलं तर एक तरी उपरं वाटेल. दिग्दर्शक म्हणून निर्णय बरोबरच असेल. प्रेक्षक म्हणून मी त्यांना माफ करायला तयार नाही.

कारण शेवटचा तो शॉट जातो, ७९-७८ होतं, साकुरागी आणि संघातलाच त्याचा वैरी रुकावा एकमेकांना टाळी देतात आणि थिएटरमध्ये माणसं रडतात, ते बळ येतं कुठून? सिनेमाने या दोघांचं वैर जेमतेम दाखवलंय. ते १०१ भागांनी कमावलंय, त्याच रटाळ, स्वस्तात काढलेल्या १०१ भागांनी. सिनेमा त्या पुण्याईवर खर्च करतो.

मित्राने थेट सिनेमा पाहिला आणि विचारलं, तो लाल केसांचा विदूषक मध्ये मध्ये का येतो? मी त्याला मालिकेचे पहिले वीस भाग बघ म्हटलंय. अजून सातव्यावर आहे. पुढे सान्नोसाठी मंगाच वाचावा लागेल, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.