संकटानं हिटलर आणला, हिटलरनं संकट संपवलं? दोन्ही चूक

‘1923 च्या महागाईनं होरपळलेल्या जर्मन जनतेनं बहुमतानं हिटलरला निवडून दिलं. त्यानं काही वर्षांत बेकारी संपवली, महामार्ग बांधले, कामगाराला मोटार दिली. कणखर नेता संकटातूनच येतो आणि त्यानं कामं केली नाहीत तर उपाशी जनताच त्याला हाकलते.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. आता माझ्या भाचीला तो वक्तृत्व स्पर्धेचं भाषण म्हणून पाठ करायला दिलाय. तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

आधी तारखा बघा. नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, हे खरं. पण त्याच महिन्यात हिटलरचा म्युनिकमधला उठाव फसला आणि नवं चलन आल्यावर भाव थांबले. मे 1928 च्या निवडणुकीत हिटलरच्या नाझी पक्षाला मिळाली 2.6 टक्के मतं. सप्टेंबर 1930 मध्ये 18.3 आणि जुलै 1932 मध्ये 37.3 टक्के. मधल्या काळात महागाई नव्हतीच, उलट भाव आणि पगार दोन्ही घसरत होते. चान्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, ब्र्यूनिंग संसदेला बाजूला सारून राज्यघटनेतल्या आणीबाणीच्या कलम 48 खाली वटहुकूम काढत होता: पगारकपात, बेकारभत्त्यात कपात, वर करवाढ. जुलै 1931 मध्ये बँका कोसळल्या. जर्नल ऑफ इकॉनॉमिक हिस्टरीत 2021 साली आलेल्या एका अभ्यासात जिल्हावार मतं तपासली आहेत. जिथे खर्चकपात आणि करवाढीचा फटका जास्त बसला, तिथे नाझींची मतं जास्त वाढली. बेकारीची सर्वांत जास्त झळ बसलेले लोक मात्र कम्युनिस्टांकडे जास्त वळले होते. म्हणजे नुसतं संकट नव्हे, संकटात सरकारनं काय केलं, त्यानं मतं फिरवली. आणि वटहुकुमानं कारभार चालवायची सवय हिटलरच्या आधीच लागली होती.

बहुमत तर मोकळ्या निवडणुकीत त्याला कधीच मिळालं नाही. नोव्हेंबर 1932 मध्ये पक्षाच्या संसदेतल्या जागा 230 वरून 196 वर आल्या. 30 जानेवारी 1933 ला त्याला चान्सेलर नेमलं ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गनं. आसपासच्या मंडळींची समजूत होती की याला आपण मुठीत ठेवू.

आता सगळ्यात घातक मुद्दा: बेकारी. ती कमी झाली, हे नाकारता येत नाही. 1933 च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार 60 लाख होते, 1938 मध्ये पाच लाखांच्याही खाली. पण कशी, ते त्या मजकुरात नाही. अर्थव्यवस्थेनं तळ आधीच गाठला होता, आणि रोजगार कामांसाठी पैसे आधीच्या सरकारांनी मंजूर करून ठेवले होते. जून 1933 पासून नवविवाहितांना 1,000 मार्कांपर्यंत कर्ज मिळू लागलं. अट अशी की वधूनं नोकरी सोडायची. तिची जागा मोकळी झाली आणि ती बेकारांच्या यादीतही आली नाही. ज्यू कर्मचाऱ्यांना एप्रिल 1933 च्या कायद्यानं सरकारी नोकरीतून काढलं. 1935 मध्ये सक्तीची लष्करभरती आणि तरुणांना सहा महिने सक्तीची श्रमसेवा आली. उरलेलं काम शस्त्रनिर्मितीनं केलं. तो पैसा कुठून आला? दहा लाख मार्क भांडवलाची मेफो नावाची कागदी कंपनी काढली. शस्त्र कारखानदारांना तिच्यावरच्या हुंड्या, म्हणजे मुदतीनंतर पैसे देण्याची लेखी वचनं, द्यायच्या, मुदत काही महिन्यांची, पण वाढवत न्यायची, आणि हमी जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेची, राइशबँकेची. 1938 पर्यंत अशा 1,200 कोटी मार्कांच्या हुंड्या झाल्या, आणि त्या सरकारी कर्जाच्या आकड्यात दिसत नव्हत्या. परतफेडीची वेळ आली तेव्हा बँकेच्या संचालकांनी जानेवारी 1939 मध्ये लेखी इशारा दिला. अध्यक्ष शाख्टला त्याच महिन्यात घरी पाठवलं.

कामगाराला काय मिळालं? 2 मे 1933 ला कामगार संघटनांची कार्यालयं ताब्यात घेतली, वेतनदर मंदीतल्या पातळीवर गोठवले, 1935 पासून कामाची नोंदवही सक्तीची केली. ती मालकाच्या ताब्यात, म्हणजे त्याच्या मर्जीशिवाय नोकरी बदलणं अवघड. मोटारीच्या सरकारी बचत योजनेत आठवड्याला पाच मार्कांची तिकिटं चिकटवत तीन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले. त्या योजनेतून एकालाही मोटार मिळाली नाही, कारखाना लष्करी वाहनं बनवू लागला. महामार्गाचं म्हणाल तर कलोन ते बॉन हा रस्ता ऑगस्ट 1932 मध्येच खुला झाला होता.

आणि उपाशी जनता हाकलते म्हणे! टंचाई असते तेव्हा वाटप ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात. व्हेनेझुएलात 2016 मध्ये सरकारी दरानं डॉलर 10 बोलिव्हारला (तिथलं चलन), काळ्या बाजारात हजाराच्या वर. सरकारी दरानं डॉलर मिळवून देणारी एक सही म्हणजे शंभरपट नफा. सेनाधिकारी आणि बगलबच्चे निष्ठावान राहत होते ते यावर. खालच्या माणसासाठी तांदूळ, तेल, पीठ, दूधपावडर यांचा स्वस्त खोका, तोही सत्ताधाऱ्यांच्या स्थानिक समित्यांमार्फत. 2017 मध्ये क्यूआर कोडचं ओळखपत्र आलं. मे 2018 च्या निवडणुकीत मतदान केंद्राजवळच पक्षाचे तंबू होते. मत देऊन आलेला माणूस तिथे ओळखपत्र दाखवून नोंद करायचा, बक्षिसाच्या आशेनं. दिवसभर खाण्याच्या रांगेत उभा राहणारा मोर्चाला कधी जाणार?

झिंबाब्वेत मार्च 2008 च्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत राष्ट्राध्यक्ष मुगाबे मागे पडला. जूनमध्ये, दुसऱ्या फेरीच्या तोंडावर, त्याच्या सरकारनं मदतसंस्थांचं गावोगावचं काम थांबवलं आणि लाखोंचं धान्य अडकलं. त्या वर्षी चलन पार मातीमोल झालं, तरी तो टिकला. त्याची सत्ता गेली ती नोव्हेंबर 2017 मध्ये, वारसाच्या भांडणात त्याच्याच लष्करानं चिलखती वाहनं रस्त्यावर आणली तेव्हा.