कोचीचे ज्यू म्हणजे फक्त ‘परदेशी’ नव्हेत

कोची पाहून आलेल्यांच्या पोस्टींमधून एक मजकूर सारखा फिरतो: कोचीतल्या मट्टनचेरी भागातलं परदेशी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) हे तिथल्या ज्यूंचं मूळ ठिकाण, हे गोरे ज्यू दोन हजार वर्षांपूर्वी आले, त्यांच्यात उच्चनीच नव्हतं, आणि जुन्या परदेशी प्रवाशांनी तसं लिहूनच ठेवलंय.

‘मूळ ठिकाण’? अहो, नावातच ‘परदेशी’ आहे. हे सिनेगॉग 1568चं. त्याच्याच आवारातल्या भिंतीत बसवलेली हिब्रू शिळा 1344ची, तीही कोचीतल्याच कोचंगाडीच्या दुसऱ्या सिनेगॉगची. मट्टनचेरीतल्या ज्यू टाउनच्या रस्त्यावर एकूण तीन सिनेगॉग होती. त्यांतल्या कडवुंभागमचं कोरीव लाकूडकाम आता जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे.

दोन हजार वर्षं ही समाजाची परंपरागत समजूत आहे. हाती असलेला ठोस पुरावा म्हणजे इसवी सन 1000च्या सुमाराचा, ज्यू पुढारी जोसेफ रब्बानला मिळालेला ताम्रपट. तो वारसा मलबारी ज्यूंचा, म्हणजे परदेशींच्या आधीपासून इथं राहणाऱ्यांचा. परदेशी गटातली बरीच घराणी 1492 नंतर स्पेन-पोर्तुगालमधून हाकललेल्यांची, काही पश्चिम आशियातल्या व्यापाऱ्यांची.

आता प्रवासी. बाराव्या शतकातला स्पेनचा ज्यू प्रवासी, तुदेलाचा बेंजामिन, कोल्लमच्या ज्यूंना शेजाऱ्यांसारखेच काळे म्हणतो. गोऱ्यांचा त्यात पत्ताच नाही. (तो स्वतः तिथवर पोचला होता का, याचीच शंका घेतली जाते.) 1686मध्ये ॲमस्टरडॅमहून आलेला मोझेस परेरा द पायवा मात्र खरोखर कोचीत होता. पण त्याची सगळी ऊठबस परदेशी घरांत. मलबारी ज्यू गुलामांचे वंशज, हे यजमानांचं म्हणणं त्यानं उतरवून घेतलं आणि पुढे ते माहिती म्हणून खपलं. गंमत अशी, की त्याच्याच नोंदींत मलबारी घरं परदेशींच्या कितीतरी पट आहेत. म्हणजे त्याची मोजदाद उपयोगाची. वंशावळ मात्र कोणी सांगितली ते पाहूनच घ्यायची.

उच्चनीच तर विसाव्या शतकापर्यंत होतं. परदेशी घराण्यांनीच मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना परदेशी सिनेगॉगमध्ये बाकांवर जागा नव्हती. त्याविरुद्ध वकील ए. बी. सालेम यांनी सिनेगॉगमध्येच सत्याग्रह केला.

‘एकही फरशी दुसरीसारखी नाही’ ही शेपूटही या मजकुराला असतेच. परदेशी सिनेगॉगच्या जमिनीवरच्या, अठराव्या शतकातल्या त्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्यांवर मोजकेच नमुने पुन्हा पुन्हा येतात. हातानं रंगवल्यामुळे कुंचल्याचा फटकारा तेवढा बदलतो. आत चपला काढूनच जावं लागतं, तेव्हा दोन शेजारच्या फरश्या वाकून पाहिल्या तरी पुरे.