बंदी असलेला वायू सोडताना घ्यायची काळजी

तर तुम्ही फोमचा धंदा काढायचं ठरवलंय. उत्तम! भिंतींत आणि फ्रीजच्या दारात भरतात तो पॉलियुरेथेन फोम. आता तो फुगवायला काय वापराल? कायदेशीर माल महाग, शिवाय त्याला कोटा. त्यापेक्षा आपला जुना सीएफसी-११ वायू बरा. स्वस्त पडतो आणि फोम फुगतोही झकास. ओझोनचा थर खातो म्हणून २०१० पासून त्याच्यावर जगभर बंदी आहे खरी, पण बंदी म्हणजे शेवटी कागदच ना!

आणि कागदाची भीती तर मुळीच बाळगू नका. ही बंदी ज्यातून आली तो १९८७ चा मॉन्ट्रियल करार तुमच्या धुराड्याला काहीच विचारत नाही. तो देशांना विचारतो, यंदा किती बनवलंत, किती वापरलंत? देश आकडा लिहून पाठवतात. २००६ पासून सीएफसी-११ च्या नव्या उत्पादनापुढे जवळजवळ शून्यच लागत होतं. शून्य काढायला शाई अशी लागते किती?

गोची होते ती जागा निवडताना. लोक पाणी बघतात, वीज बघतात, रस्ता बघतात. वारा कुणीच बघत नाही. पूर्व चीनमधल्या शानडोंग आणि हेबेई प्रांतांतल्या मंडळींचं हेच चुकलं. तिकडची हवा समुद्र ओलांडून कोरियाच्या जेजू बेटावर जाते, आणि तिथे गोसानला नेमकं हवा मोजायचं केंद्र. जपानच्या हातेरुमा बेटावर आणखी एक. हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे सीएफसी-११ चे रेणू तेव्हा होते जेमतेम २३०, पण या लोकांना तेवढेही मोजता येतात. हिशेब निघाला: २०१४ ते २०१७ या काळात पूर्व चीनमधून आधीपेक्षा दरवर्षी सुमारे ७,००० टन जास्तीचा वायू सुटत होता. कोंबडं झाकणारे झाकत बसले आणि तांबडं फुटलं ते परक्याच्या बेटावर.

हा हिशेब निघण्याआधी, २०१८ साली, अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेतल्या स्टीफन माँट्झकांनी शंका काढली होतीच. हवेतला सीएफसी-११ ठरल्या वेगानं कमी व्हायला हवा होता. २०१२ नंतर तो वेग निम्म्यावर आला. अशा वेळी काय करावं? सरळ जुन्या इमारतींवर ढकलावं. पूर्वीच्या फोममध्ये हा वायू कोंडलेला असतो, पाडकाम झालं की सुटतो, हे खोटं नाही. पण वर्षाला १३,००० टनांची वाढ या सबबीत मावेना. अहो, सबबीलाही मापं असतात.

तोंडाला मात्र कुलूप हवं. एन्व्हायर्न्मेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सी या पर्यावरणवादी संस्थेच्या माणसांनी त्याच वर्षी चीनच्या दहा प्रांतांत कारखानदारांकडे चौकशी केली, तर १८ कारखान्यांनी ‘हो, आम्ही तेच वापरतो’ म्हणून सांगूनही टाकलं. उपग्रह नको, बेटावरचं यंत्र नको. गिऱ्हाईक म्हणून विचारलं की पुरे! इतका मोकळा स्वभाव या धंद्याला परवडत नाही.

पिंपाचं झाकण लावत जा. सीएफसी-११ साधारण २४ अंशांना उकळतो. झाकण उघडं टाकून चहाला गेलात की तुमचा माल तुमच्याआधी जेजूला पोचेल. टिकाऊपणाची काळजी नको. एकदा सुटला की सरासरी ५० वर्षं हवेत मुक्काम. नातवाला दुकान मिळो न मिळो, वायू नक्की मिळेल.

पुढे धाडी पडल्या, कारखाने बंद झाले, आणि २०१९ मध्ये आकडे खाली आले. म्हणजे कायदा चालला म्हणायचं का? चालला की! फक्त वारा योग्य दिशेला वाहत होता आणि वाटेत कुणीतरी केंद्र बांधून ठेवलं होतं, एवढाच काय तो योगायोग. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, आपला भारत, इथल्या बऱ्याच मुलखावर अशी पाळत नाही. जागा बघायला निघालात तर हे लक्षात असू द्या.

आणि हो, जगभरातल्या त्या वाढीपैकी किमान ४० ते ६० टक्के शानडोंग-हेबेईच्या नावावर लागली. उरलेली कुठून आली, ते ठरलेलंच नाही. त्या माणसाला गाठा. वाऱ्याचा अभ्यास त्याचा पक्का दिसतो.