बशीत बुरशी वाढली, म्हणून औषध बोगस?

भातशेतीच्या ग्रुपांवर सध्या एक दावा फिरतोय. करपा या भाताच्या बुरशीजन्य रोगावर फवारायचं ट्रायसायक्लॅझोल हे औषध घातलेल्या प्रयोगशाळेतल्या बशीतही करप्याची बुरशी वाढते, फवारूनही ठिपके जात नाहीत, म्हणजे औषध बोगस. युरिया बंद करा, बुरशी उपाशी मरेल. ऐन पावसात हे कुणी मनावर घेतलं तर उभं पीक हातचं जाईल, म्हणून लिहितोय.

बशीत बुरशी वाढते हे अगदी खरं. पण तिचा रंग बघा. साध्या बशीत ती काळपट राखाडी असते, औषधाच्या बशीत तांबूस होते. हे औषध बुरशीचा जीव घेत नाही, मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य बनवणारी तिची साखळी मध्येच तोडते. बशीत त्या रंगावाचून तिचं काही अडत नाही. पानावर सगळं अडतं. ओल्या पानावर बीजाणू रुजला की त्याच्या टोकाला एक सूक्ष्म गोळा तयार होतो, ॲप्रेसोरियम. त्यात ग्लिसरॉल साठतं, ते पाणी ओढतं आणि आतला दाब ८ मेगापास्कलपर्यंत चढतो. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या हा तीसपटींहून जास्त! त्या जोरावर बारीक खुंटी पानात घुसते. गोळ्याच्या भिंतीत मेलॅनिनचा थर नसेल तर ग्लिसरॉल झिरपून जातं आणि दाब चढतच नाही. या साखळीतला जीन बिघडलेल्या पांढऱ्या, गुलाबी आणि पिवळट बुरशा प्रयोगशाळेत अभ्यासल्या गेल्यात. बशीत त्या मजेत वाढतात, न दुखावलेल्या पानात मात्र शिरू शकत नाहीत. पानाला ओरखडा काढून दिला तर शिरतात. औषधाची परीक्षा बशीत नव्हे, पानावर घ्यायची ती यासाठी.

आता युरिया. जादा नत्राने करपा वाढतो हे बरोबर, त्यामुळे हप्ते पाडून देणं योग्यच. पण ‘उपाशी मरेल’ हे चूक. पानात घुसेपर्यंत बुरशी पानाचं काहीच खात नाही. बीजाणू स्वतःची शिदोरी घेऊन येतो: चरबी, ग्लायकोजेन (साठवलेलं पिष्ट), ट्रेहॅलोज (एक साखर). तिच्यावरच तो गोळा उभा करतो. चरबी वापरात आणणाऱ्या आयसोसायट्रेट लायेज या एन्झाइमचा जीन काढला तर रोग उशिरा येतो. ट्रेहॅलोज बनवण्यातला टीपीएस१ हा जीन काढला तर बुरशी भातावर रोगच करू शकत नाही. हे सगळे पोटापाण्याचे जीन, कुठलं विष बनवणारे नव्हेत.

ठिपके जात नाहीत, कारण बुरशी आत शिरलेली असते. औषधाचं काम दाराशी, घरात नाही.

आक्षेप घ्यायचाच असेल तर तांदळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचा घ्या. युरोपीय संघाने २०१७ मध्ये या अंशाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, आणि बासमतीच्या निर्यातीला त्याची झळ बसली. बुरशी औषधाला सरावण्याची भीतीही खरी आहे: जपानमध्ये मेलॅनिनच्या याच साखळीतल्या दुसऱ्या एन्झाइमवर चालणाऱ्या कार्प्रोपॅमिड या औषधाला २००१ मध्ये क्युशू बेटावर दाद न देणारी बुरशी सापडली. एन्झाइममधलं एकच अमिनो आम्ल बदललं होतं. म्हणून दर वेळी तेच औषध नको.

आणि मानमोडीसाठी, म्हणजे लोंबीच्या मानेवर येणाऱ्या करप्यासाठी, फवारणी पोटरीच्या (लोंबी खोडात फुगण्याच्या) शेवटी, लोंबी बाहेर पडताना व्हायला हवी. मान काळी पडून लोंबी पळंज (पोकळ) झाल्यावर दाणा परत भरत नाही.