लहानच तर करायचेत

सुपर बोलच्या रविवारी, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी, आमच्या गल्लीतली पंधरा-वीस माणसं एका घरी जमतात. हा खेळ मला अजून कळलेला नाही. माणसं जरा पळायला लागली की त्यांना थांबवतात आणि थांबली की जाहिराती लावतात, इथवर माझी प्रगती आहे. पण तिथे रिकाम्या हाताने जायचं नसतं. कोण काय आणणार याची यादी माझ्यापर्यंत आली तेव्हा चिप्स, सालसा, कोंबडीचे पंख सगळं वाटून झालं होतं. उरले होते स्लायडर, म्हणजे बीफचे दोन घासांचे बर्गर. मी लिहून मोकळी झाले : ‘मी आणते. चोवीस.’

नवरा म्हणाला, “अगं, तू आयुष्यात एक तरी बर्गर केलायस का?”

“लहानच तर करायचेत,” मी म्हटलं.

माझा आत्मविश्वास वसईचा होता. आमच्याकडे नाताळ असो, ईस्टर असो की कुणाचा बाप्तिस्मा, बीफची कटलेटं व्हायचीच. आई पाटावर बसून परातीत खिमा मळायची. आलं, लसूण, हिरवी मिरची, पुदिना, बॉटल मसाला आणि भिजवून पिळलेला शिळा पाव. भाकरीचं पीठ मळावं तशी ती मळत राहायची. हाताला चिकटायचं थांबलं की मग रव्यात घोळवून तेलात. त्या खिम्याचे गोळे वळायला मी आठव्या वर्षापासून बसलेली. पावात घातलं की कटलेटाचा बर्गर होतो, यात शिकण्यासारखं काय आहे?

पहिला धक्का दुकानात बसला. बीफच्या पाकिटांवर रक्तदाबासारखे आकडे : ७३/२७, ८०/२०, ९३/७. पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा. वसईत मटणवाल्यासमोर उभं राहून ‘चरबी काढ रे’ म्हणण्यात आईची हयात गेली. पुढे २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाचंही बंद झालं, म्हशीचं उरलं; त्यात चरबी मुळात कमी, तरीही ती म्हणायचीच. तिची लेक ७ टक्केवाल्याकडे न गेली तरच नवल. दोन पाउंड घेतलं, वर डॉलरही जास्त मोजले.

घरी आल्यावर खिम्यात सगळा मसाला घातला, मीठ घातलं आणि मळला. भिजवलेला पाव मात्र घातला नाही. पाव बाहेरून येणारच आहे, आत कशाला? या एका विचाराचं मला त्या दुपारी इतकं कौतुक वाटलं होतं की नवऱ्याला बोलावून ऐकवला.

व्हिडिओतल्या दाढीवाल्याने सांगितलं होतं की बिडाचा तवा धुरावेपर्यंत तापू द्या. तवा धुरावला. लगेच छतावरचा अलार्म बोंबलायला लागला. नव्या घरांतले हे अलार्म एकमेकांना जोडलेले असतात. स्वयंपाकघरातल्याने हाक दिली की जिन्यातला ओ देतो, मग दोन्ही बेडरूममधले, आणि शेवटी तळघरातला, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नसतो. नवरा खुर्चीवर चढून टॉवेल फिरवत होता. खिडक्या उघडल्या तर बाहेरची ओहायोची फेब्रुवारी थेट आत आली. स्वेटर, वर एप्रन, हातात उलथनं आणि कानात ठणाणा, अशा अवस्थेत मी पहिले सहा उलटले.

त्यांचा आकार! थापताना मी ते पावाएवढेच थापले होते. तव्यावर ते डोळ्यांदेखत आक्रसत गेले, मधून फुगले आणि शेवटी कॅरमचा स्ट्रायकर उरला. पावात ठेवला तर मोठ्या भावाच्या कोटात धाकटा उभा केल्यासारखा दिसत होता. चावल्यावर तर स्ट्रायकर हा शब्द अगदीच बरोबर निघाला.

अलार्म ऐकून शेजारचे आजोबा काठी टेकत दारात आले. ऐंशी पार केलेले, जन्म इथल्याच कोलंबस शहरातला, बायको गेल्यापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या वासांवर बारीक लक्ष ठेवून असतात. आग नाही याची खात्री करून त्यांनी एक स्ट्रायकर चावला, बराच वेळ चावला आणि विचारलं, “मळलंस?”

“मळलं.”

“मीठ आत घातलंस?”

“घातलं.”

त्यांनी काठी भिंतीला टेकली आणि स्टूल ओढलं. त्यांचं म्हणणं, बर्गरच्या मांसाला हात लावायचा तो नाइलाज म्हणून. मीठ घालून मळलं की मांसातली प्रथिनं सुटून एकमेकांना धरतात. सॉसेजला ते हवंच असतं, बर्गरला नको. मीठ शेवटी, वरून. आणि चरबी काढायला लागलीस तर रस कुठून येणार? नवऱ्याला त्यांनी तिथल्या तिथे ८०/२० आणायला पिटाळलं. तोही टॉवेल टाकून इतका झटकन निघाला की मला संशयच आला.

तो येईपर्यंत आजोबांनी त्यांच्या गावाचा इतिहास सांगितला. बर्गर छोटा करण्याची ही सगळी भानगड व्हाइट कॅसलवाल्यांची. दुकान १९२१ साली कॅन्सासमधल्या विचिटात निघालं, बर्गर पाच सेंटला. लोकांचा तेव्हा खिम्यावर भरवसा नव्हता, कशाचा काढलाय कोण जाणे, म्हणून दुकान पांढरंशुभ्र आणि भट्टी गिऱ्हाइकाच्या समोर. १९३४ पासून कंपनीचं मुख्य कार्यालय इथे, कोलंबसला. हे सांगताना आजोबांचा सूर असा, की जणू फीत त्यांच्या वडिलांनी कापली. तर या बर्गरचं मांस चौकोनी, पातळ आणि भोकं पाडलेलं. ते तव्यावर नाही, कांद्यावर ठेवतात. कांद्याची वाफ भोकांतून वर येते, वरच्या पावात शिरते. उलटायचं नाहीच.

“पण चौकोन सारखे कसे करायचे?” मी विचारलं. डोळ्यांपुढे चोवीस होते, प्रत्येकी अडतीसेक ग्रॅमचे.

“करायचेच नाहीत,” आजोबा म्हणाले.

मग जे त्यांनी करून घेतलं ते सांगताना मला अजून राग येतो. ओव्हनच्या ट्रेमध्ये बारीक चिरलेला कांदा पसरला. त्यावर एक पाउंड खिमा अख्खा, कडेपर्यंत सपाट, हलक्या बोटांनी. काट्याने भोकं. वर मीठ-मिरपूड. ओव्हनमध्ये. बाहेर काढल्यावर सुटलेली चरबी ओतून टाकली. बारा छोट्या पावांची लादी सुटी न करता लांब सुरीने आडवी कापली, खालच्या निम्म्यावर मांसाची ती पोळी सरकवली, वर चीज, वर पावांचं छप्पर. परत पाच मिनिटं आत. मग सुरीने तीन उभे छेद, दोन आडवे. बारा.

म्हणजे वड्या पाडायच्या होत्या! कोथिंबिरीच्या, नारळाच्या, बेसनाच्या, जन्मभर पाडत आलेय. हे कुणी आधी बोललं असतं तर तळघरातला अलार्म आज झोपलेला असता.

एवढं झाल्यावर आजोबांनी खिशातून थर्मामीटर काढला. माणूस हे खिशात घेऊन फिरतो! खिमा १६० फॅरनहाइटला पोचलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. मांसाच्या अखंड तुकड्याला जंतू वरवर असतात, ते वरच्या शेकण्यात मरतात. खिम्यात वरचं सगळं आत गेलेलं असतं. पटलं. इतकं पटलं की दुसऱ्या ट्रेला मी सगळीकडे टोचून पाहिलं. भोकं त्यात मुळातच होती, कुणाला कळलं नाही.

राहिला तो मळलेला पाऊण किलोच्या आसपास खिमा. तो टाकायचा म्हणजे आईच्या नावाला बट्टा. मी पाव भिजवला, पिळला, त्यात घातला, अंडं फोडलं आणि पुन्हा मळायला घेतला. आजोबांनी मान फिरवली, बघवत नसावं. रव्यात घोळवून कटलेटं तळली, ती बेताच्या आचेवर. अलार्मने चकार शब्द काढला नाही.

सामना सुरू व्हायच्या आधीच दोन्ही ट्रे साफ झाले. लोकांनी मला विचारलं, मी आजोबांकडे बोट दाखवलं, आजोबांनी कोलंबसचा इतिहास पहिल्यापासून लावला. कटलेटांचा डबा मी मुद्दाम मागे, चिप्सच्या पिशवीआड ठेवला होता, नवऱ्यासाठी. मध्यंतराला पाहिलं तर झाकण उघडं आणि शेजारी आजोबा. नाक लाल, डोळ्यांत पाणी, डाव्या हातात थंड बियर, उजव्या हातात तिसरं कटलेट.

“यात मिरची आहे,” ते म्हणाले.

“आहे.”

त्यांनी उरलेला घास संपवला, बोटं पुसली आणि आवाज खाली आणून विचारलं, “मऊ कसं राहिलं गं?”

मी म्हटलं, “मळावं लागतं.”