कशाचे मार्तंड?

माझं नाव मार्तंड. एवढं एकदा सांगून माझं कधीच भागत नाही. पहिल्यांदा समोरचा "काय?" म्हणतो, दुसऱ्यांदा "मार्टिन?" आणि मग मी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं की "हां, ते आडनाव झालं. नाव सांगा." एका सरकारी खिडकीमागच्या बाईंनी तर चष्मा नाकावर ओढून मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "मार्तंड ही पदवी झाली. कशाचे मार्तंड?"

बाईंचं अगदीच चुकलं नव्हतं. मार्तंड म्हणजे सूर्य, त्यामुळे आपापल्या क्षेत्रात तळपणाऱ्यांना ही पदवी देण्याची जुनी चाल आहे. पंडित जसराजांना 'संगीत मार्तंड' म्हणत. कुणी विद्यामार्तंड असतात, कुणी वेदांतमार्तंड. माझ्या मागेपुढे काहीच नाही. बिनखात्याच्या मंत्र्यासारखा मी नुसताच मार्तंड.

त्यात मराठीनं या शब्दाची एक वेगळीच गोची करून ठेवली आहे. वर्तमानपत्रात आणि पाठ्यपुस्तकात मार्तंड आला, की त्याच्या आधी हमखास 'धर्म' असतो आणि तो कुणाला तरी छळत असतो. आठवीला इतिहासाच्या तासाला बाई शिकवत होत्या : 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, सावित्रीबाई शिकवायला जायच्या, वाटेत त्यांच्यावर शेण फेकलं जायचं. "आणि हे कोण करत होतं? धर्ममार्तंड!" अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. मागच्या बाकावरच्यानं माझ्या पाठीत पट्टी टोचून विचारलं, "का रे फेकलंस शेण?" मधल्या सुट्टीत मुली माझ्या शेजारून जाताना दप्तरं छातीशी धरून चालत होत्या. पुढे धडा आगरकरांचा असो की कर्व्यांचा, समाजसुधारकाला त्रास द्यायला मी हजर असायचोच.

हे नाव आलं आजीच्या नवसातून. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. "नातू होऊ दे, तुझंच नाव ठेवीन," असं आजी गडावर भंडारा उधळून सांगून आली होती. आता देवानं मणी-मल्ल या दैत्यांना मारण्यासाठी घेतलेला अवतार मार्तंड भैरवाचा, आरतीत-तळीत तो 'मल्हारी मार्तंड', आणि देवस्थानच्या विश्वस्त मंडळाचं नावही 'श्री मार्तंड देव संस्थान'. पण खंडोबाला काय नावांची वाण होती? खंडेराव आहे, मल्हार आहे. मल्हार ठेवलं असतं तर आज मी फॅशनमध्ये असतो. हल्ली कुठल्याही सोसायटीच्या बागेत "मल्हाऽऽर" अशी हाक मारली की दोन-तीन पोरं तरी घसरगुंडीवरून मान वळवतात.

पण गुरुजी आडवे आले. माझं नक्षत्र मघा. मघाची अक्षरं मा, मी, मू, मे. "नुसता म चालायचा नाही, काना पाहिजे," गुरुजी म्हणाले. त्या एका कान्यानं माझा जन्म काढला. मल्हार बाद झाला. आजीनं मग म्हाळसाकांत सुचवलं. वडिलांनी आयुष्यात आजीला एकदाच विरोध केला तो तेव्हा, आणि तह मार्तंडावर झाला. आत्यानं पाळण्याशी वाकून कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. त्यातला एखादा गुरुजींच्या वाट्याला जायला हवा होता, असं मला फार वाटतं.

कॉलेजात संस्कृत घेतलं ते स्वतःच्या नावाचा काही तरी गौरव हाती लागेल या आशेनं. सरांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं बहात्तरावं सूक्त काढलं. अदितीला आठ पुत्र झाले. सातांना घेऊन ती देवांकडे गेली आणि आठव्याला तिनं टाकून दिलं. तो आठवा म्हणजे मार्ताण्ड. मृत अंडं, त्यावरून मार्ताण्ड. म्हणजे मुळात आईनंच नापास केलेला मुलगा. शतपथ ब्राह्मण तर आणखी खोलात शिरतं : हा आठवा जन्मला तो निव्वळ गोळा होता, जितका उंच तितकाच रुंद. मग भावांनी त्याला तासून आकार दिला, तो विवस्वान म्हणजे सूर्य झाला, आणि तासताना जे मांस खाली पडलं त्याचा हत्ती झाला. म्हणून कुणी हत्ती दान दिला तर घेऊ नये, असंही तिथे बजावलं आहे. हे पथ्य मी आजवर कसोशीनं पाळलंय. बाकी 'जितका उंच तितकाच रुंद' हे आमच्या फॅमिली डॉक्टरांचंही मत आहे. तासून देणारे भाऊ तेवढे मला नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढं रडायला काय झालं, या नावाचे थोर लोकही होऊन गेले असतील. गेले ना! त्रावणकोरच्या मार्तंड वर्मानं 1741 साली कोळच्चलच्या लढाईत डच ईस्ट इंडिया कंपनीला धूळ चारली आणि त्यांचा द लानॉय नावाचा अधिकारी पकडून पुढे त्यालाच आपलं सैन्य घडवायला लावलं. तिरुवनंतपुरमला एका लॉजवर मी नाव सांगितलं, तेव्हा काउंटरवरचा माणूस चक्क उभा राहिला. स्पेलिंगही विचारलं नाही. मी खोली आणखी दोन दिवस वाढवून घेतली. रीवाचे महाराज मार्तंड सिंह यांनी 1951 मध्ये पांढऱ्या वाघाचा बच्चा पकडला, त्याचं नाव मोहन ठेवलं, आणि आज जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतले बहुतेक पांढरे वाघ त्या मोहनचे वंशज आहेत. बघा, स्वतःचं नाव मार्तंड असलेल्या माणसानं वाघाचं नाव ठेवताना किती सुटसुटीत ठेवलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

काश्मीरचं मात्र माझ्या जिव्हारी लागलं आहे. आठव्या शतकात ललितादित्य मुक्तापीड राजानं अनंतनागजवळ मार्तंडाचं भव्य सूर्यमंदिर बांधलं. त्याचे भग्न अवशेष आजही बघणाऱ्याला गप्प करतात. शेजारी गाव आहे, त्याचं नावही मार्तंडावरूनच पडलं आणि लोकांच्या तोंडी झिजत झिजत झालं मट्टन. हे वाचलं आणि मला पुण्यातलं एक थाळीचं हॉटेल आठवलं. रविवार दुपार, शुद्ध शाकाहारी, बाहेर ही रांग. मी वहीत नाव लिहून घेतलं होतं. अर्ध्या तासानं आतून मुलगा आला आणि खणखणीत आवाजात ओरडला, "मटण कुलकर्णी! मटण कुलकर्णी, चार माणसं!" सोवळ्यातल्या वाटाव्यात अशा दोन आजी माझ्यापासून हातभर सरकल्या. बायको रस्त्यापलीकडचं रसवंतीगृह एकाग्रतेनं न्याहाळू लागली.

तिचीही कथा वेगळी नाही. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मार्तंडाला यमक सापडेना. प्रचंड, अखंड, उद्दंड, सगळं मंगल प्रसंगाला जरा जडच. तिच्या मावसबहिणीला फक्त 'भुर्दंड' सुचला. शेवटी हिनं उखाणा घेतला तो असा : "माठात भरलं पाणी, झालं गारेगार थंड, सगळ्यांसमोर नाव घेते, माझे हे मार्तंड." सूर्याला थंड पाण्यात बुडवल्यापासून आमचा संसार सुरळीत चालू आहे.

खरी परीक्षा घेतली एका बँकेनं. इंग्रजीत 'मार्तंड' लिहिलं की शेवटी 'अँड' येतो, हे तिथल्या संगणकानं शोधून काढलं. कार्ड आलं, त्यावर ठळक अक्षरांत 'मार्ट अँड कुलकर्णी'. त्या दिवसापासून मी माणूस न राहता फर्म झालो. "सर, तुमच्या बिझनेससाठी ओव्हरड्राफ्ट?" असे फोन येऊ लागले. दुरुस्तीला गेलो तर टेबलामागच्या मुलानं नम्रपणे विचारलं, "दुसरे पार्टनर नाही आले?"

"कोण दुसरे?"

"मिस्टर मार्ट."

मी आधार कार्ड पुढे केलं. त्यात 'टी'नंतर 'एच' निघाला. पॅनवर 'एच' नव्हता. शाळेच्या दाखल्यावर शुद्ध मराठीत 'मार्तण्ड', अनुस्वार नाही, अर्धा ण. मुलगा बराच वेळ तिन्ही कागद पत्त्यांसारखे फिरवत बसला आणि म्हणाला, "काका, ही तीन माणसं आहेत." मार्ट धरून चार.

सल्ला मिळाला : राजपत्रात नावबदल करून घ्या. अर्ज भरायला बसलो. जुने नाव : मार्तंड. नवीन नाव : मार्तंड. भरून देणाऱ्या एजंटनं पेन खाली ठेवलं. "मग बदललंय काय?"

"एच."

"एका एचसाठी?" तो इतक्या करुणेनं बघत होता की फी कमी करतो की काय असं वाटलं. केली नाही.

आणि आता, सगळे कागद एका सुरात आल्यावर, काळ फिरला आहे. ऑफिसातला एक तरुण सहकारी परवा डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्याला मुलगा झालाय. विहान, रियांश, अर्णव सगळे त्याच्या सोसायटीत आधीच आहेत, त्याला 'युनिक' काही तरी हवं होतं. "सर, तुमचं नाव काय भारी आहे! ओल्ड स्कूल, पॉवरफुल. ठेवू का?"

मी खूप समजावलं. धर्ममार्तंड सांगितला, मटण सांगितलं, हत्तीसुद्धा सांगितला. तो प्रत्येक गोष्टीला "वॉव" म्हणत होता. त्याच्या अंकशास्त्रवाल्यानं स्पेलिंगमध्ये दोन जादा 'ए' घालायला सांगितले आहेत. बँकेतल्या त्या मुलाच्या काळजीनं मला आताच घाम फुटतो. बारशाला गेलो, बाळ छान गुटगुटीत, उंची-रुंदी सारखीच. बाळंतिणीला विचारलं, "नाव मोठं आहे, घरी हाक काय मारता?"

ती कौतुकानं म्हणाली, "मार्टी."